दादा पाण्याखाली किती वेळ राहायचा

माझ्या भावाला पाण्याखाली किती वेळ दम धरता येतो, यावर आमच्या थळमध्ये अजून वाद चालतो. बंदरावर चालतो, लग्नाच्या मांडवात चालतो, आणि आता मोबाईलवरही चालतो. मला कुणी विचारत नाही. विचारलं तर सांगीन की बाबांनो, त्याला न्हाणीघरातून पलंगापर्यंत येताना दाराला धरून थांबावं लागतं. पण ते कुणाला ऐकायचं नसतं. सांगायला गेलं की लोकांची तोंडं अशी होतात, जशी मी त्यांच्या ताटातला तुकडाच उचलला.

नावं मी कुणाचीच लिहिणार नाही. दादाचं नाही, जो गेला त्याचं नाही, आणि ज्या कॉमिकमधल्या हिरोपायी आम्ही बहीणभाऊ जन्मभर भांडलो, त्याचंही नाही. आम्ही त्याला नुसतं हिरो म्हणायचो. सुरुवात मात्र त्याच्यापासूनच करायला हवी, कारण दादाला काय झालं ते मला त्याच्यामुळेच कळलं.

आमचे बाबा मासळीच्या बोटीवर होते. भाऊच्या धक्क्याला माल उतरवला की तिथल्या एका रद्दीवाल्याकडून जुनी कॉमिकं उचलून आणायचे. बहुतेक हिंदी, कव्हर फाटलेली, कधी शेवटचं पान गायब. बोटीतून आल्यामुळे त्यांना बोंबलाचा वास मारायचा. आई करवादायची, "पोरांना काय खायला आणाल तर शपथ, हा कचरा आणता." बाबा हसून आत जायचे आणि आम्ही दोघं कचऱ्यावर तुटून पडायचो. दादा मोठा, त्यामुळे पहिला वाचायचा मान त्याचा. मी त्याच्या खांद्यावरून डोकावायचे आणि पान लवकर उलटलं की त्याला चिमटा काढायचे.

अगदी जुन्या अंकांतला हिरो साधा माणूस होता. दीपगृहात राहायचा, बुडालेल्या जहाजांतून माणसं काढायचा, आणि त्याला श्वास लागायचा. दर दोन-तीन चौकटींनी वर येऊन तोंड उघडायचा. त्याच्या कपाळावरच्या शिरासुद्धा काढलेल्या असायच्या. एका अंकात तर एक म्हातारी त्याच्या हातून सुटली, कारण त्याचा दम संपला. मी तो अंक वाचून रडले होते. दादाला तो अजिबात आवडला नव्हता.

मग लिहिणारे बदलले असणार. रंग भडक झाले, कागद गुळगुळीत झाला आणि हिरोला श्वास घ्यायची गरजच उरली नाही. दर महिन्याला मागच्यापेक्षा मोठा राक्षस आणायचा म्हटल्यावर ह्याची ताकद वाढवण्याशिवाय त्यांना तरी काय इलाज होता? आधी त्यानं मगर फाडली. मग जहाज दातांनी ओढलं. मग एक आख्खं बेट ढकलून वादळाच्या वाटेतून बाजूला केलं. शेवटी शेवटी तर भरतीचं पाणी पिऊन गाव वाचवलं. मी म्हटलं, "एवढं खारं पाणी पिऊन ह्याला हगवण कशी लागली नाही?" त्यावर दादा माझ्याशी कितीतरी दिवस बोलला नव्हता. इतका त्याचा जीव होता त्या हिरोवर.

पुढे ती कॉमिकं बंदच पडली. दादाचं लग्न झालं, मला रेवसच्या धक्क्यावर लाँचच्या तिकीट खिडकीत काम लागलं, आणि कधीतरी कळलं की हिरो परत आलाय, दुसऱ्याच कुणीतरी काढलाय. मी हौसेनं एक अंक दादाला आणून दिला. नव्या अंकात हिरो चाळिशीचा, गुडघा धरलेला, बायको सोडून गेलेली, छातीत खार बसून खोकणारा. आणि ते बेट ढकललं होतं त्याचं काय? तर म्हणे तसं काही झालंच नव्हतं, बंदरावरच्या लोकांनी रंगवून सांगितलेली गोष्ट होती ती. दादानं शेवटपर्यंत वाचलं, उठला, आणि मागच्या पडवीतल्या पाणी तापवायच्या चुलीत अंक घातला.

"यो आमचा न्हाय," तो म्हणाला. "भलत्याच कुणाला तरी धरून आणलाय."

"अरे, पहिल्यापासून तो असाच होता. मधेच त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवला होता," मी म्हटलं.

"माणूस त्याच्या सगळ्यात मोठ्या कामावरून धरायचा, बाय. खोकल्यावरून न्हाय."

तेव्हा दादा खोकत नव्हता. तेव्हा त्याचा स्वतःचाच मोठा काळ चालू होता.

मासेमारीच्या बोटीच्या बुडाशी फिरणाऱ्या पंख्यात जाळं अडकतं. इंजिन बंद करावं लागतं, बोट वाऱ्याबरोबर वाहायला लागते, आणि कुणीतरी सुरी घेऊन बोटीखाली उतरून तो गुंता सोडवावा लागतो. नुसतं कापून मोकळं होता येत नाही, जाळं जितकं वाचेल तितकं वाचवायचं असतं. दादा पहिल्यांदा उतरला तेव्हा त्याला मिसरूड नुकतं फुटलं होतं. वर आला तो दातात सुरी धरून आणि जाळं जवळपास साबूत. त्या दिवसापासून ते काम त्याचं झालं. त्या बोटीवर रीत होती, पंखा सोडवणाऱ्यानं त्या दिवशीच्या मासळीतला मनाला येईल तो मासा पहिला उचलायचा. दादा उचलायचा आणि पिशवी घरी न्यायच्या आधी बंदरावर दोन चकरा मारायचा. सगळ्यांनी बघायला हवं ना!

पाण्याखालचा वेळ आमच्याकडे विडीवर मोजायचे. दादा उतरला की वर कुणीतरी विडी पेटवायचा. पहिल्या वर्षी लोक म्हणायचे, अर्धी विडी होईस्तोवर राहतो. पुढे आख्खी विडी झाली. मग दुसऱ्या गावच्या बोटीही त्याला बोलावून न्यायला लागल्या आणि गोष्ट आक्षीपर्यंत, वरसोलीपर्यंत गेली. तिकडून परत आली तेव्हा एका विडीवरून दुसरी पेटवायची वेळ आली होती. मी घरी म्हटलं, "दादा, तुझाही दुसरा जमाना आला रे. आता खांदेरीचं बेट ढकलून अलिबागला नेऊन लाव." तो गालात हसला. नाही म्हणाला नाही. एकदाही, कुणालाही, ‘एवढं न्हाय बाबा’ असं म्हणाला नाही. आवडायचं त्याला ते, आणि खरं सांगते, मलाही आवडायचं. खिडकीत कुणी म्हणालं, तुम्ही त्या पंखेवाल्याच्या बहीण ना, की मी सुटे पैसे हसून द्यायचे.

त्याचा खोकला सुरू झाला तेव्हा तो तांडेल झाला होता, म्हणजे बोट त्याच्या हुकमात होती. दोन-तीन वर्षं त्यानं खोकला अंगावर काढला. मग एक दिवस वहिनीचा फोन आला. "वन्सं, तुम्ही या. माझं ऐकत न्हाय. किनाऱ्यावरनं घरी येईस्तोवर दोनदा बसला." मी गेले आणि आम्ही दोघींनी त्याला रिक्षात घालून अलिबागला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून उजेडात धरून दाखवला. फुप्फुसं आकसलीत, म्हणाले, आणि ती परत फुलणार नाहीत. विडी बंद, आणि पाण्याखाली जायचं तर नावच काढायचं नाही. एखाद्या दिवशी खालीच राहाल.

बाहेर येऊन दादा म्हणाला, "डॉक्टर नवा हाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. रस्त्यातच मी त्याच्यावर ओरडले. "डॉक्टर नवा नाही, तू जुना झालायस! ते बेट ढकलायचे दिवस गेले, कळलं? आता तू खोकणारा आहेस. त्याला घातलास चुलीत, स्वतःला कुठल्या चुलीत घालशील?" येणारेजाणारे बघायला लागले. वहिनी पदर डोळ्याला लावून उभी. दादा गटाराच्या कठड्यावर टेकला आणि म्हणाला, "न्हाय उतरणार. पण बोटीवर बोलायचं न्हाय. तुमी दोघींनी पण न्हाय."

"का?"

"खोकणाऱ्या तांडेलाचं कोण ऐकतंय? कान फुटलाय सांगेन मी. पाणी जाऊ द्यायचं न्हाय म्हणून."

त्याचा जीव वाचतोय तर मिरवू दे त्याला, असं म्हणून मी मान डोलावली. वहिनीनंही डोलावली. झालं. कान फुटला ही गोष्ट लोकांनी पटकन मान्य केली. कान फुटल्यानं माणूस लहान होत नाही. बंदरावर सगळे म्हणायचे, दादाचा कान बरा झाला की बघा.

बोटीवर दादाच्या हाताखाली एक तरुण खलाशी होता. दोन वर्षांपूर्वी लग्न झालेलं, पोहण्यात तरबेज, दादाला देव मानणारा. पंख्याचं काम आता त्याच्याकडे आलं. दादानं त्याला सगळं शिकवलं, सुरी कशी धरायची, पाय कुठे टेकवायचा, गुंता कुठल्या बाजूनं सोडत आणायचा. दोनदा त्यानं पंखा सोडवलाही. मासा उचलायची वेळ आली की तो दादाकडे बघायचा, दादानं बोट दाखवलं तोच मासा घ्यायचा.

तिसऱ्या वेळी वारा होता. खांदेरीच्या बाजूला खडक आहेत आणि बोट तिकडेच सरकत होती. तो कमरेला दोर बांधून उतरला. पुढचं मला बोटीवरच्या दुसऱ्या खलाशानं सांगितलं. दोराला ठरलेला झटका आला नाही. दादानं दोर ओढला तर दोर ताठ, माणूस हलत नाही. खाली त्याचा पाय जाळ्यात गुरफटला होता. दादानं शर्टसुद्धा काढला नाही, हातात सुरी घेतली आणि गेला. तो खलाशी सांगताना रडायला लागला. "आमाला वाटलं, दोघंबी गेले."

दोघंही वर आले. दादानं त्याला काखेत धरून आणलं होतं, पण तो गेलेला होता. दादाच्या तोंडातून लाल फेस येत होता. दुसऱ्या बोटीनं त्यांना ओढत बंदराला आणलं. मी रेवसहून पोचले तेव्हा बंदरावर त्या पोराची बायको वाळूत बसली होती. रडत नव्हती. तिच्या सासूला बायकांनी धरलं होतं आणि हिला कुणी धरलं नव्हतं, कारण ती काही करतच नव्हती. माझं सगळं लक्ष दादाकडे होतं. मी तिच्या शेजारून गेले.

दादा वाचला. वाचला म्हणजे घरी आला, नाकात नळी आणि पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन. मशीन दिवसरात्र घुरघुरतं. वीज गेली की वहिनी हातातलं टाकून सिलिंडर लावायला धावते. बोलायचं तर दादा एका दमात चार शब्द बोलतो, मग थांबतो.

आणि तो असा पलंगावर पडलेला असताना बाहेर त्याची ताकद वाढत चालली होती. बोटीवरचे लोक खोटं बोलत नव्हते. वर दोर धरून उभ्या असलेल्याला किती वेळ गेला हे काय कळणार? त्यांना वाटलं तेवढं त्यांनी सांगितलं. पण त्या दिवशी कुणी विडी पेटवली नव्हती, मोजायला काहीच नव्हतं, त्यामुळे ज्यानं त्यानं आपल्या मनानं मोजलं. संध्याकाळपर्यंत दहा मिनिटं झाली. आठवड्यात अर्धा तास झाला. फुटक्या कानानं गेला, म्हणे. रक्त ओकत पाण्याखाली राहिला, म्हणे. कुणीतरी त्याचा तरुणपणीचा फोटो घेऊन मोबाईलवर व्हिडिओ केला, मागे लाटा, वर विजा, छातीवर चकाकणारी सुरी, आणि ढॅणढॅण संगीत. लाँचची वाट बघणाऱ्या एका माणसानं मलाच तो खिडकीतून दाखवला, "बघा हो ताई, आपल्या रायगडात असली माणसं हायत." मी म्हटलं, "तिकीट घ्या आणि पुढे व्हा." त्याला वाटलं असेल, काय बाई आहे.

मग गावातली मंडळी शाल-श्रीफळ घेऊन घरी आली. चांगल्या मनानं आली होती, त्यांना नावं ठेवत नाही. दादाला उठवून उशीला टेकवून बसवलं, खांद्यावर शाल घातली. फोटो काढताना एकजण म्हणाला, "दादा, फोटोपुरती ती नळी बाजूला करता का?" मी तोंड उघडायच्या आत दादानं नळी काढून शालीखाली लपवली. छाती पुढे काढली. फोटो निघेपर्यंत त्याच्या ओठांचा रंग बदलला होता. मंडळी गेल्यावर वहिनीनं नारळ उचलून कोपऱ्यात आदळला आणि आत जाऊन बसली. मी दादाला म्हटलं, "मर तू असाच." असं म्हणून मी बाहेर आले आणि पडवीत बसून रडले, कारण मला तो मरायला नको होता.

तो फोटो गावभर फिरला. आणि फिरत फिरत त्या गेलेल्या पोराच्या बायकोकडेही गेला.

दिवसकार्य होऊन गेलं होतं. रविवार होता, मी दादाकडेच होते. दुपारची जेवणं झाल्यावर ती एकटी आली. दारात चपला काढल्या, पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. वहिनी "बस गं" म्हणाली, तर बसली नाही. तिनं मोबाईल पुढे केला. त्यावर शालीतला दादा, छाती पुढे काढलेला, नाकात काही नाही.

"दादा, मला एकच सांगा," ती म्हणाली. "तुमी अर्धा अर्धा तास ऱ्हाता, तर आधी तुमी का न्हाय उतरलात? कान दुखतो म्हणून माझा माणूस पाठवलात?"

इतके दिवस मला वाटत होतं की दादाला कुणी लहान म्हणू नये म्हणून तो मरेल. आता उलटं झालं होतं. तो लहान आहे, त्याच्यात काही उरलं नव्हतं, हे या एका बाईला पटलं नाही तर तो तिच्या नवऱ्याचा खुनी ठरत होता. मी कपाटातून फुप्फुसाचा फोटो काढला, डॉक्टरांचे कागद काढले. "हे बघ, गेल्या वर्षीच डॉक्टरांनी सांगितलं होतं. कान फुटलाच नव्हता. त्याला पाण्यात जायची बंदीच होती."

तिनं कागदांकडे पाहिलंसुद्धा नाही. "कागद काय, ताई. सगळं गाव सांगतंय."

"गाव काय मोजायला गेलं होतं?"

"मग अर्धा तास खाली कोण होतं?"

मी किती बोलले ते मला आठवत नाही. माझा आवाज चढत गेला आणि ती तशीच उभी. शेवटी दादानं हात वर करून मला गप्प केलं. तिला जवळ बोलावलं. मग वाकून मशीनचं बटण बंद केलं. घुरघुर थांबली तशी खोली एकदम मोठी वाटायला लागली. त्यानं एका हातानं नाक दाबलं, दुसरा हात तोंडावर धरला आणि तिच्याकडे बघत राहिला.

मी पुढे झाले तर त्यानं डोळ्यांनीच मला थांबवलं.

मला वाटलं, निदान थोडा वेळ तरी धरेल. कसलं काय! एवढ्यातल्या एवढ्यात त्याचे खांदे उडायला लागले. गळ्याच्या शिरा तटतटल्या, डोळ्यांतून पाणी वाहिलं, नखं काळीनिळी झाली. तरी तो हात काढेना. तिला पटल्याशिवाय काढायचाच नाही, असं ठरवून बसला होता. हट्टी मेला. वहिनी धावत आली. पण त्याआधी तिनंच, त्या पोरीनंच, त्याचं मनगट धरलं आणि हात तोंडावरून ओढून काढला. बटण तिनंच चालू केलं. नळी नीट बसवली. दादा कितीतरी वेळ पाण्यातून काढलेल्या मासळीसारखा तोंड उघडून श्वास शोधत होता. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. माझ्या मनात आलं, सुटलो. आता हिला कळलं.

दादाला जरा बोलता यायला लागलं. "एवढंच... हाय," तो म्हणाला. "वर्षापास्नं... एवढंच हाय."

"पटलं मला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. खाली बघून तिनं पदर सारखा केला.

"मग त्याला का न्हाय सांगितलंत?"

दादानं मान वर केली.

"रोज निघताना मीच म्हणायची त्याला, पंख्याला उतरू नको, मला भ्या वाटतं. तर हसायचा. म्हणायचा, येडे, काय झालं तर वर दादा हाय ना. दादा काढतो मला." तिनं मोबाईल कमरेला खोचला. "त्याला म्हाईत असतं तर तो उतरला नसता, दादा. जाळं वरनंच कापून दुसऱ्या बोटीला ओढायला बोलावलं असतं."

ती दाराशी गेली, चपला घातल्या आणि उन्हात चालायला लागली. वहिनी तिच्या मागे दोन पावलं गेली आणि परत आली. दादा काहीतरी बोलायला बघत होता, पण त्याला दम पुरला नाही.